साडेचारचे पाच

रविवारी सकाळी मी पोह्यांवर लिंबू पिळत असताना आमच्या खेळगटाच्या व्हॉट्सॲपवर संदेश आला : ‘काका, पुढच्या शनिवारी बँक तुम्ही सांभाळाल का? तुम्हालाही जरा बरे पडेल.’ त्याखाली पाच जणांचे अंगठे होते. ज्यांना आमच्या खेळांची माहिती नाही त्यांना हा सन्मान वाटण्याची शक्यता आहे, म्हणून सांगतो की बँक सांभाळणे म्हणजे स्वतः न खेळता पटाशेजारी बसून ज्याला त्याला मोजून पत्ते देणे. आम्ही लहानपणी चाळीच्या अंगणात खेळायचो तेव्हा ज्याच्यावर राज्य येत नसे आणि ज्याचे बाद होणे कोणी मोजत नसे, अशा शेंबड्या भावंडाला लिंबूटिंबू म्हणत. वयाच्या ५१ व्या वर्षी, हातात खरोखरीचे लिंबू असताना, मला त्या पदावर नेमण्यात आले.

आमचा गट दर शनिवारी संध्याकाळी सहा वाजता कर्वेनगरातल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत जमतो. इमारतीला लिफ्ट नाही. आठ-नऊ जण असतात, त्यांतले बहुतेक तिशीच्या आतले, आणि मी. ‘टीव्हीवरच्या चर्चांना घरातून उत्तरे देण्यापेक्षा बाहेर जाऊन माणसांत बसा,’ असे पत्नीने सुचवल्यावरून मी दोन वर्षांपूर्वी तेथे जाऊ लागलो. गेल्या शनिवारी आम्ही चौघे कॅटन खेळत होतो. हा खेळ माझ्या मालकीचा आहे, मी तो साडेतीन हजार रुपये मोजून घेतला आहे, आणि त्याची पेटी मीच तीन मजले चढवून नेतो, ही गोष्ट वाचकांनी कृपया ध्यानात ठेवावी, कारण त्या सदनिकेत ती कोणीच ध्यानात ठेवली नाही.

कॅटन १९९५ साली जर्मनीत निघाला. त्याचे जनक क्लाउस टॉयबर हे व्यवसायाने दंततंत्रज्ञ होते, म्हणजे लोकांना कृत्रिम दात करून देणाऱ्यांपैकी, आणि अशा माणसाला आधी खरे दात जावे लागतात हे पक्के ठाऊक असणार. १९ षटकोनी तुकड्यांचे एक बेट मांडायचे, त्यावर वस्त्या आणि रस्ते बांधायचे, फाशांवर पडणाऱ्या आकड्याप्रमाणे लाकूड, वीट, मेंढी, गहू आणि दगड असे पत्ते मिळवायचे, आणि ज्याचे आधी १० गुण होतील तो जिंकला. दगड म्हणजे खरे तर खनिज, पण चित्रात दगडच दिसतात म्हणून आम्ही दगडच म्हणतो. एकच मेख आहे. दोन फाशांवर मिळून सात पडले की त्या बेटावर चोर फिरतो, आणि ज्याच्या हातात सातांहून अधिक पत्ते असतील त्याला त्यांतले निम्मे परत करावे लागतात.

माझे नऊ गुण झाले होते. हातात नऊ पत्ते होते : तीन दगड, दोन गहू, दोन मेंढ्या, एक वीट आणि एक लाकूड. तीन दगड आणि दोन गव्हांत एका वस्तीचे शहर होते आणि दहावा गुण मिळतो, त्यामुळे माझी पाळी येण्याचाच काय तो अवकाश होता. मी पाण्याचा घोट घेतला. चेहरा निर्विकार ठेवला. माझ्या आधीच्या मुलाने, जो घरातही टोपी उलटी घालून बसतो, फासे टाकले आणि सात पडले.

आता आप्पांविषयी सांगणे भाग आहे. आप्पा हे आमच्या यजमानांचे वडील. एका सरकारी कार्यालयाच्या लेखापरीक्षण विभागातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षे झाली, पण विभाग त्यांच्यातून निवृत्त झालेला नाही. ते खेळत नाहीत. ‘मी आपला बघतो’ असे म्हणून ते बाल्कनीच्या दाराजवळची वेताची खुर्ची ओढत आणतात आणि नेमके माझ्या उजव्या खांद्यामागे बसतात, कारण म्हणे तेथे वारा येतो. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात दोन पेने, चष्म्याचे घर, किराणा दुकानाच्या घडी केलेल्या चिठ्ठ्या आणि एक छोटी वही असा ऐवज असतो, आणि ते वाकले की तो सगळा माझ्या कानाशी खुळखुळतो. शिवाय ते मोजतात. खेळात कोण पुढे आहे, कोणी कोणाला कशी टांग मारली, याच्याशी त्यांना कर्तव्य नसते; ते केवळ मोजतात, आणि तेही ओठ हलवून.

सात पडल्याबरोबर खांद्यामागून आवाज आला, ‘यांच्याकडे नऊ आहेत.’

मी स्वतःच सांगणार होतो. दोन वर्षांत मी एकदाही पत्ता लपवलेला नाही. परंतु दुसऱ्याने आधी सांगितले की खरे बोलणाऱ्या माणसाचाही चेहरा पकडल्यासारखा होतो, आणि माझा तसा झाला असावा, कारण समोरची मुलगी हसली.

‘हो, नऊ आहेत,’ मी म्हणालो. ‘चार टाकतो.’

‘चार कसे? नवाचे निम्मे साडेचार होतात.’

‘साडेचार पत्ते टाकता येत नाहीत, आप्पा.’

‘म्हणूनच पाच,’ आप्पा शांतपणे म्हणाले. ‘पन्नास पैसे व त्यापुढील रक्कम वरच्या रुपयात धरायची. आमची सगळी नोकरी यात गेली.’

‘पण हे पैसे नाहीत. या मेंढ्या आहेत.’

‘मेंढ्या असतील तर प्रश्न अधिक गंभीर आहे,’ ते खुर्ची पुढे सरकवत म्हणाले. ‘समजा, तुम्ही चारच दिल्या. मग उरलेली अर्धी मेंढी तुमच्या ताब्यात राहिली. ती तुम्ही कोठे दाखवणार? जिवंत जनावरांत दाखवता येणार नाही, कारण अर्धी मेंढी जिवंत नसते. म्हणजे ती डेड स्टॉकला आली. मग डेड स्टॉकची नोंदवही कोठे आहे?’

मी नोंदवही नसल्याचे कबूल केले. आता वाटते की ते कबूल करायलाच नको होते, कारण त्या क्षणापासून मी खेळाडू राहिलो नाही, मी ज्याच्यावर आक्षेप निघाला आहे असा कारकून झालो. मी म्हणालो की नियमपुस्तिकेत याचा खुलासा आहे, आणि तो पत्ते टाकणाऱ्याच्या बाजूने आहे, असे मला पक्के आठवते. आप्पा म्हणाले, ‘आठवणीला कागद लागतो.’ मी म्हणालो, कागद पेटीत आहे. पेटी टेबलाखाली होती, तिच्यावर बाकरवडीची थाळी होती, आणि थाळीत टोपीवाल्याचा हात होता. ‘थांबा ना काका, सांडेल,’ तो म्हणाला. मी पुस्तिका आप्पांनाच वाचायला देण्याची तयारी दाखवली, तेव्हा त्यांनी छातीवरचा खिसा, ज्यात चष्म्याचे घर स्पष्ट दिसत होते, तळहाताने थोपटला आणि ‘माझा वाचायचा चष्मा आत आहे’ असे सांगितले. ‘आत’ म्हणजे खिशाच्या आत की घराच्या आत, हे विचारण्याचे धाडस मला झाले नाही.

शेवटी यजमान म्हणाले, ‘जाऊ द्या ना काका, बाबा म्हणतायत तर टाका पाच. खेळच आहे.’

‘खेळच आहे’ हे वाक्य हरत असलेल्या माणसाच्या तोंडून मी आजवर ऐकलेले नाही. ज्याचे काही जायचे नसते त्यालाच ते सुचते. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही व्यापार खेळायचो तेव्हा बँक थोरल्या आतेभावाकडे असे, शंभराच्या नोटा संपल्या की तो वहीच्या कागदावर आकडा लिहून चलन काढी, आणि ते चलन प्रामुख्याने त्याच्याच जवळ सापडे. त्याला जाब विचारला की तोसुद्धा हेच म्हणत असे. द्यूतसभेत वडीलधारी मंडळी गप्प बसली म्हणून आपण भीष्म-द्रोणांना अजून बोल लावतो. मला त्या शनिवारी प्रथमच असे वाटले की गप्प बसणाऱ्या वडीलधाऱ्यांचेही काही मोल असते.

मी पाच पत्ते काढले. दोन मेंढ्या गेल्या, वीट गेली, लाकूड गेले. पाचवा पत्ता गव्हाचा काढावा लागला, आणि तो मी बँकेच्या गठ्ठ्यात ठेवणार इतक्यात आप्पांनी ‘आणा इकडे, मी तपासून जमा करतो’ असे म्हणून हात पुढे केला. पाचही पत्ते त्यांनी अंगठ्याला थुंकी लावून मोजले. माझ्या खेळाच्या प्रत्येक पत्त्याला प्लास्टिकचे पाकीट घातलेले आहे, ती पाकिटे घालण्यात माझा एक आख्खा रविवार गेला होता, आणि तेलकट बोटांनी पत्ते हाताळू नयेत असा नियम गटाने माझ्या बाकरवडीवरून एकमताने केलेला आहे. थुंकीविषयी नियम नाही.

नियमाप्रमाणे सात टाकणाऱ्याने चोर हलवून कोणाचा तरी एक पत्ता ओढायचा असतो. टोपीवाल्याने तो समोरच्या मुलीचा ओढला. नऊ गुणांचा माणूस शेजारी बसलेला असताना त्याला सोडून दुसऱ्याला लुटणे ही या खेळात घोडचूक समजली जाते. मी त्याच्याकडे पाहिले, तेव्हा तो हलक्या आवाजात म्हणाला, ‘काकांचे आधीच पाच गेलेत.’ मला त्याने लुटले असते तरी चालले असते.

माझी पाळी आली. फाशांवर अकरा पडले आणि अकराच्या आकड्यावर माझी एकही वस्ती नव्हती. हातात तीन दगड आणि एक गहू. या खेळात आपल्या पाळीला इतरांशी देवघेव करता येते, म्हणून मी गहू मागितला. बदल्यात काय देणार, असे तिघांनी विचारले, आणि देण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते, कारण होते ते सगळे शहरासाठी लागणारे होते. तेव्हा, हे लिहितानाही मला अवघड वाटते आहे, एका बँकेत २६ वर्षे कर्जखात्यात काम केलेला मी त्या टेबलाभोवती एक गहू उसना मागत फिरलो. ‘पुढच्या डावात फेडतो,’ असेही म्हणालो. माझ्याकडे रोज असे म्हणणारी माणसे येतात आणि मी त्यांना तारणाविषयी विचारतो.

त्याच क्षणी मागे पाने उलटल्याचा आवाज झाला. बाकरवड्या संपल्यामुळे थाळी उचलली गेली होती, पेटी उघडली गेली होती, नाकावर चष्मा आला होता, आणि आप्पा पुस्तिकेच्या बारीक इंग्रजी ओळींवरून पेन फिरवीत वाचत होते. ‘मोबदला न घेता पत्ता देता येणार नाही,’ त्यांनी जाहीर केले. ‘स्पष्ट लिहिले आहे. उसनवारी बसत नाही.’

मी म्हणालो, ‘आप्पा, आता पुस्तिका हातात आहेच, तर जरा सातचाही नियम बघा.’

‘तो विषय मागच्या पाळीतला,’ आप्पांनी पुस्तिका मिटली. ‘मागच्या पाळीचा हिशेब बंद झाला.’

पुढच्या पाळीत समोरच्या मुलीने दोन वस्त्या बांधून डाव संपवला. ती संख्याशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. पट आवरताना ती मला समजावण्याच्या सुरात म्हणाली, ‘काका, नऊ पत्ते धरून बसायचेच नसते. तिघांच्या तीन फेकींत एकदा तरी सात पडण्याची शक्यता ४२ टक्के असते.’ मी घरी येऊन हिशेब केला. २१६ पैकी ९१. तिचे बरोबर आहे. तिचे बरोबर असण्याचा आणि माझा पाचवा पत्ता जाण्याचा काहीही संबंध नाही, हे मात्र मला जिना उतरताना सुचले, आणि सांगायला पुन्हा तीन मजले चढणे गुडघ्यांना मानवले नसते.

रात्री दीड वाजता मी स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली पुस्तिका उघडली. निम्मे करताना अपूर्णांक आला तर खालचा आकडा धरावा, असे तीत छापलेले आहे. नवाचे चार. मी त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली, तिचे छायाचित्र काढले आणि गटावर टाकले. सोबत काही लिहिले नाही, कारण सभ्य माणसाला इतके पुरेसे असते. सकाळी नऊला यजमानांचे उत्तर आले : ‘बाबांना दाखवले. ते म्हणतात मुद्दा बरोबर आहे, पण आक्षेप मुदतीनंतर आला आहे.’ आणि त्यानंतर अर्ध्या तासाने तो बँकेचा प्रस्ताव, अंगठ्यांसह.

पोहे गार झाले. पत्नी म्हणाली, ‘अहो, मग सांभाळा की बँक. ऑफिसात तरी दुसरे काय करता?’

बँकच सांभाळायची तर शिल्लक मोजून घ्यावी, म्हणून मी जेवण झाल्यावर पेटी उघडून पत्ते मांडले. प्रत्येक जिन्नसाचे १९ याप्रमाणे पाच जिन्नसांचे ९५ पत्ते असावे लागतात. लाकूड १९, वीट १९, मेंढ्या १९, दगड १९. गहू १८. मी तीनदा मोजले. पेटीचा तळ चाचपला, पिशवी उलटी करून झटकली, आणि मग एकदम डोळ्यांपुढे तो पांढरा सदरा आला, पुढे आलेला हात, थुंकी लावलेला अंगठा, आणि पत्ते मोजून झाल्यावर सवयीने खिशाकडे गेलेली बोटे.

मी गटावर अत्यंत नम्र शब्दांत लिहिले की काल गव्हाचा एक पत्ता बहुधा चुकून आप्पांच्या खिशात राहिला असावा, तेवढे कृपया पाहावे. दहा मिनिटांनी यजमानांचे उत्तर आले.

‘बाबा विचारतायत, जमा करताना पावती घेतली होती का?’