दुहेरी अक्षर दिसलं की ‘एरर’? मेक्सिकन नाण्यांचा हा दावा टिकत नाही

जुन्या मेक्सिकन नाण्यांबद्दल एक दावा सर्रास पुढे पाठवला जातो: ठसा सरकलेला, राजाचा चेहरा चुकलेला, अक्षर दुहेरी किंवा वजन कमी असेल, तर ते टांकसाळीच्या चुकीचं नाणं आणि त्याला लाखोंचा भाव. यात नवख्या संग्राहकांचे पैसे बुडतात, म्हणून एकेक मुद्दा तपासू.

सरकलेला ठसा. मेक्सिको सिटीच्या टांकसाळीत यंत्रावर गोल नाणी 1732 पासून पडू लागली. त्याआधीची ‘माकुकिना’ म्हणजे वजनाला कापून हातोड्याने ठोकलेले चांदीचे तुकडे. त्यावरचा क्रॉस अर्धा बाहेर गेलेला असणं नेहमीचंच. पूर्ण ठसा उमटलेलं नाणं मिळालं तर ते खरं नवल.

चुकलेला राजा. मेक्सिको तेव्हा स्पेनच्या ताब्यात होतं. स्पेनचा राजा तिसरा कार्लोस डिसेंबर 1788 मध्ये वारला. 1789-90 च्या काही ‘आठ रेआल’ या चांदीच्या नाण्यांवर नाव चौथ्या कार्लोसचं आणि चेहरा त्याच्या वडिलांचा आहे. नव्या राजाचं चित्र समुद्रापलीकडून यायचं होतं, तोवर केलेली ही सोय होती. तिला चूक म्हणता येत नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो आकड्या-अक्षरांवर. त्या काळी ठशावर, म्हणजे नाणं ठोकायच्या धातूच्या साच्यावर, ती सुट्या ‘पंच’नी (एकेक अक्षर कोरलेल्या धातूच्या छोट्या दांड्यांनी) हाताने मारत. पंच वाकडा बसला की पुन्हा मारत. गेल्या वर्षीचा ठसा शाबूत असेल तर त्यावरच नवा आकडा चढवत. 1809 च्या काही आठ रेआलवर 9 खाली 8 दिसतो तो यामुळे. त्या ठशातून पडलेल्या प्रत्येक नाण्यावर ही खूण येते, म्हणून हा ठशाचा प्रकार आहे, एखाद्या नाण्याची चूक नाही. अशी किती नाणी टिकली आणि ती किती जणांना हवी आहेत, यावर भाव ठरतो. 1911 च्या घोडेस्वार बाईच्या ‘काबायीतो’ पेसोवरही सूर्याचा खालचा डावा किरण काही नाण्यांवर लांब, काहींवर आखूड असतो. तोही ठशाचाच फरक.

नाणं भिंगाखाली, तिरप्या उजेडात धरा. खालचा 8 खरा असेल तर त्याची वळणं वर उचललेली दिसतात, कारण ठशातला खोलगा नाण्यावर उठाव होऊन येतो. आत गेलेली रेघ म्हणजे नंतरचा ओरखडा. अक्षराला लागून सपाट, चकचकीत पायरी दिसत असेल आणि अक्षर तेवढंच बारीक झालं असेल, तर ठोकताना ठसा हलला होता, एवढंच. त्यासाठी जास्तीचा एक रुपयाही देऊ नका.

काही नाण्यांवर वरून मारलेले छोटे शिक्के दिसतात. ते चिनी व्यापाऱ्यांनी चांदी पारखून मारलेले, टांकसाळीतले नसतातच.

आणि कमी वजन? आठ रेआल साधारण 27 ग्रॅमचं. काटा 23-24 वर थांबला तर आधी बनावट नाण्याचा संशय घ्या. राजाच्या चेहऱ्याच्या आठ रेआलच्या कडेवर वर्तुळ आणि आयत आळीपाळीने येतात. ही नक्षी दोन पट्ट्यांमध्ये दाबून उठवत, म्हणून अस्सल नाण्यावर समोरासमोरच्या दोन जागी ती एकमेकींवर चढलेली सापडते. ओतीव बनावट नाण्याच्या कडेवर बरेचदा शिवणीची रेघ असते किंवा ती घासून काढल्याच्या खुणा.