माती गेली म्हणजे फक्त जाडी कमी झाली असं नाही

नमस्कार सर,

अमेरिकेतल्या आयोवा-मिनेसोटाकडच्या धुपलेल्या शेतांत उरलेली माती घट्ट असते, असं मी लेखात लिहिलं आणि त्याला तुम्ही कडक प्रतिक्रिया दिलीत. तुमचे आक्षेप थोडक्यात असे. हिमनदीने तिथे शंभर-दोनशे फूट माती आणून टाकली आहे, त्यातली फूटभर गेली तर बिघडलं काय? खत टाकलं की झालं. वरचं ओझं गेल्यावर खालची माती सैल व्हायला हवी, घट्ट कशी होईल? आणि पुण्यात बसून तिकडची काळजी कशाला? तुमची जमीन सासवडकडे आहे, असंही तुम्ही लिहिलंय. म्हणून उत्तर जरा लांबच देते.

ओझ्यापासून सुरुवात करू. फूटभर मातीचं वजन चौरस मीटरला साधारण ४०० किलो भरतं. हिमनदी ३०० मीटर जाड धरली, तर तिचं वजन चौरस मीटरला २७० टन. त्या दाबाखाली चिकणमाती, वाळू, गोटे सगळं एकत्र चेपलं गेलं. तो बर्फ वितळून दहा हजारांहून जास्त वर्षं उलटली, तरी खालचा थर अजून घट्टच आहे. २७० टन उतरूनही जो सैल झाला नाही, तो ४०० किलो उतरल्याने कसा होईल?

म्हणजे शंभर फूट जे आहे, त्यात पीक पोसणारा भाग फार थोडा. बर्फ गेल्यावर त्या भरावावर गवत वाढलं. हजारो वर्षं मुळं, बुरशी, गांडुळं यांनी वरचा फूट-दीड फूट पोखरून, चिकटवून, रवाळ करून ठेवला. काळी माती ती तेवढीच. अशा मातीच्या एका घन सेंटिमीटरचं कोरडं वजन सव्वा ग्रॅमच्या आसपास असतं. खालच्या चेपलेल्या थराचं पावणेदोन ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त. फरक अर्ध्या ग्रॅमचा दिसतो, पण खनिज कणांची स्वतःची घनता २.६५ धरून हिशोब केला तर पहिल्या मातीत निम्म्याहून जास्त जागा पोकळ असते आणि दुसरीत जेमतेम ३४ टक्के. त्यातही मोठ्या पोकळ्या आधी नाहीशा होतात. पाणी मुरायचं आणि हवा खेळायची ती त्यांच्यातूनच. पावणेदोनच्या थरात मक्याचं मूळ शिरतच नाही म्हटलं तरी चालेल. युरिया टाकून नत्र मिळेल, पण पोकळी कुठून मिळणार?

‘नांगरल्यावर भुसभुशीत होतेच की’ असं तुम्ही म्हणाल. होते, पण पहिल्या दोन-तीन जोरदार सरींपर्यंतच. सेंद्रिय पदार्थ गेलेली ती ढेकळं पाण्यात टिकत नाहीत. विरघळतात, बारीक कण उरलेल्या फटींत जाऊन बसतात आणि वर पापडी धरते. मग पाणी मुरण्याऐवजी वाहतं आणि आणखी माती नेतं. त्यात नांगराचा फाळ दरवर्षी खालचा घट्ट, चुनखडीचा थर थोडाथोडा वर काढून उरल्यासुरल्या काळ्या मातीत मिसळतो. तिथल्या चढउताराच्या शेतात टेकाडाच्या माथ्यावरच्या मातीवर सौम्य आम्ल टाकलं की ती फसफसते, पायथ्याची काळी माती बहुधा गप्प राहते. चुन्यामुळे स्फुरद आणि लोह अडकून पडतं, ते वेगळंच.

एका गोष्टीकडे मात्र तुमचं अजिबात लक्ष गेलेलं नाही. माथ्यावरची माती मुख्यतः पावसाने गेलेली नाही, नांगराने गेलेली आहे. उताराकडे नांगरताना फाळाने उलटलेली माती जितकी लांब फेकली जाते, तितकी चढाकडे जात नाही. पोलादी नांगर १८३७मध्ये आला. तेव्हापासून फुगीर माथे बोडके होत गेले आणि खोलगट जागी माती साचत गेली. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने उपग्रह छायाचित्रांवरून अंदाज काढला, की अमेरिकेच्या मका पट्ट्यात सुमारे एक तृतीयांश लागवडीखालच्या जमिनीवर काळा थर उरलेलाच नाही. मिनेसोटात पायथ्याची माती उचलून परत माथ्यावर पसरून पाहिली, तेव्हा तिथलं पीक सुधारलं. खताने भागत असतं, तर हा खटाटोप कुणी केला असता का?

आता सासवड. आपल्याकडे हिमनदीचा भराव नाही, खाली बेसाल्ट आणि मुरूम आहे. त्यामुळे तिकडचे घनतेचे आकडे इथे लावू नका, मीही लावत नाही. पण नांगराचा नियम तोच. ताली (उताराला आडवे बांध) घातलेल्या रानात प्रत्येक पट्टीची वरची कड उथळ आणि खालच्या बांधालगत माती खोल, हे तुम्ही रोज पाहत असाल. ती सगळी पावसाने आणलेली नाही.

माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही. दोन्ही बाजूंना उघडा असा पत्र्याचा छोटा डबा घ्या, त्याचं आकारमान मोजून ठेवा. वाफसा असताना, म्हणजे माती फार ओली नाही आणि फार कोरडीही नाही तेव्हा, पट्टीच्या वरच्या कडेला आणि बांधालगत, दोन्हीकडे सारख्याच खोलीवर तो हलकेच ठोकून आत बसवा. डब्याच्या दोन्ही तोंडांबाहेर आलेली माती सुरीने सपाट कापा. माती १०५ अंशांवर पूर्ण वाळवून वजन करा आणि आकारमानाने भागा. गोटे निघाले तर त्यांचं वजन आणि आकारमान दोन्ही वजा करा. एकाच जागी तीन-चार नमुने घ्या, एकावर भरवसा नको. आकडे इथेच प्रतिक्रियेत टाका, त्यावरून पुढे बोलू.