साडेसात हजारांचा फ्यूज

राजेहो, महागडा फ्यूज लावला की गाणं जास्त चांगलं वाजतं, असं हायफायवाले शपथेवर सांगतात. म्हणजे तुमच्या अँप्लिफायरमध्ये काहीच खोट नाही, खोट त्याच्या फ्यूजमध्ये आहे. मागच्या बाजूला वायर खोचतो तिथे एक बारकं झाकण असतं, त्याच्या आत वीस मिलिमीटर लांब आणि पाच मिलिमीटर जाड काचेची नळी. नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात दहा-पाच रुपयांत मिळते, आणि घोडं तिथेच पेंड खातं. दहा रुपयांच्या नळीतून तोडीचा कोमल गंधार काय डोंबल येणार? बाहेरदेशातून चांदीच्या तारेचा मागवा. साडेसात हजारांचा घेतला तर फरक ऐकू येतो. पंधरा हजारांचा घेतला तर न ऐकू येण्याची सोयच उरत नाही.

आता विजेचा प्रवास बघा. कोराडीच्या वीजकेंद्रात ६६० मेगावॉटचे तीन मोठे संच आहेत. तिथून टॉवरवरच्या तारा, उपकेंद्र, मग चौकातली डीपी, जिच्यावर कावळे बसतात. तिथून खांब, खांबावरून मीटर, मीटरजवळ १९८५ साली मोठ्या काकांनी तांब्याची तार गुंडाळलेला किटकॅट फ्यूज. मीटरपासून तुमच्या खोलीपर्यंत दीड एमएमची वायर जाऊन-येऊन चाळीस मीटर भरते, म्हणजे विजेला जवळपास अर्धा ओहम विरोध. दोन-तीन अँपिअरच्या फ्यूजचा विरोध भरतो ओहमच्या काही शतांशांएवढा. इतक्या लांबून धक्के खात आलेली वीज शेवटच्या दोन सेंटिमीटरमध्ये सुधारते. नापास पोराला परीक्षेच्या दारात बदाम खायला घालतात ना, तसंच हे.

फ्यूजला दिशा असते, हे विसरू नका. त्यावर बाण छापलेला असतो. आता आपली वीज ५० हर्ट्झची, सेकंदाला शंभर वेळा उलटी-सुलटी फिरते, तेव्हा तिला बाण कोणत्या फेरीत दाखवायचा, असं कुणी विचारलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. कोराडीतला इलेक्ट्रॉन रोहित्र ओलांडून तुमच्या घरी येतच नाही, सगळे आपापल्या तारेत जागच्या जागी थरथरत असतात, हेही तो सांगेल. असल्या माणसाला संगीतातलं कळत नाही.

जुन्या फ्यूजच्या टोपीवर ‘टी’ कोरलेला असेल. टी म्हणजे टाइम-लॅग. अँप्लिफायर चालू करताना आतला ट्रान्सफॉर्मर क्षणभर खूप करंट ओढतो, तेवढ्यात फ्यूज उडू नये म्हणून तो दमाने वितळतो. तुम्ही मात्र टी म्हणजे ट्रेबल समजा. आणि अँपिअरचा आकडा वाढवला की आवाज मोकळा होतो, असं सांगणाराही भेटेल. त्याचं ऐकणार असाल तर आधी पडदे काढून ठेवा. आतलं काही बिघडलं तर वितळायचं सोडून हा फ्यूज शांतपणे बघत बसेल. (हे तेवढं मी गंमतीत बोलत नाहीये.)

फ्यूज लावल्यावर दोनशे तास वाजवावा लागतो, मग तो ‘खुलतो’. नागपुरात हे नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, करू नये. संध्याकाळी अख्ख्या गल्लीचे कूलर सुरू झाले की व्होल्टेज दहा-वीसने खाली येतं, मग लाईट जाते, आणि तास पुन्हा एकपासून मोजावे लागतात. ऐकायला बसताना मात्र कूलर चालूच ठेवा. वाळ्याच्या ताट्यांवर पडणारं पाणी आणि पंख्याची घरघर यांच्या पलीकडून तंबोऱ्याचा सूक्ष्म झणत्कार ज्याला वेगळा ऐकू येतो, त्याचेच पैसे वसूल झाले.

एकच पथ्य पाळा. कोणता फ्यूज आत आहे हे न सांगता कुणी ऐकवतो म्हणाला, तर त्या दिवशी तुम्हाला सर्दी झालेली असू द्या.

मी आमच्या वायरमनकडून बसवून घेतला. त्याने जुना फ्यूज उजेडात धरून पाहिला.

“भाऊ, हा तर चांगला हाये. काहून काढून राह्यले?”

मी त्याला आवाजाच्या मंचाची रुंदी, स्वरांमधला अंधार वगैरे हायफायवाल्यांची भाषा समजावली. त्याने मान हलवली आणि जुना फ्यूज खिशात टाकला, वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या फ्रिजच्या स्टॅबिलायझरचा उडला होता म्हणून.

काल जिन्यात काकू भेटल्या. म्हणाल्या, फ्रिज आता किती मऊ आवाज करतो म्हणून सांगू!