दोन ट्यूब, एक प्लास्टिकचा रोल आणि सात मुद्दे

परवा रात्री साडेअकराला एका धाकट्या मैत्रिणीचा मेसेज आला. ‘ताई, हे खरं आहे ना? उद्या माझं पहिलं लेझर आहे. मलम आणून ठेवलंय, प्लास्टिकपण.’ खाली सात मुद्द्यांचा तो फॉरवर्ड. दोन महिन्यांत मला तो चौथ्यांदा आला होता. आधीच्या तिन्ही वेळा ‘असलं कोण वाचतं’ म्हणून पुसून टाकला. कोण वाचतं ते त्या रात्री कळलं.

मथळा असा: ‘ट्रान्झिशनमध्ये दाढी कायमची घालवा. लेझर की इलेक्ट्रोलिसिस? दवाखानेवाले लपवतात ते सत्य.’ लिहिणाऱ्याचा पत्ता नाही. ट्रान्झिशन म्हणजे माझ्यासारख्या ट्रान्स बाईचा बाई म्हणून जगण्याकडचा प्रवास. लेझरमध्ये प्रकाशाने केसाचं मूळ जाळतात, इलेक्ट्रोलिसिसमध्ये सुईतून वीज सोडून एकेक मूळ मारतात. माझ्या चेहऱ्यावर दोन्ही प्रकार करून झालेत. लेझरच्या नऊ सिटिंग झाल्या आणि सुईचे तास मोजायचं मी शंभरानंतर सोडून दिलं. तेव्हा थोडं बोलायचा हक्क मला आहे. क्रमाने जात नाही. चौथ्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण त्याने जीव जाऊ शकतो.

चौथा मुद्दा, त्वचा बधिर करणाऱ्या मलमाचा: ‘नंबिंग क्रीमचा जाड थर पूर्ण चेहऱ्याला आणि मानेला लावा, वरून प्लास्टिक गुंडाळा, दोन-तीन तास ठेवा. काहीच जाणवणार नाही.’ यातलं शेवटचं वाक्य भलत्याच अर्थाने खरं ठरू शकतं. या मलमात बहुतेक वेळा लिडोकेन हे बधिर करणारं औषध असतं. ते कातडीवर बसून राहत नाही, आत मुरतं आणि रक्तात उतरतं. जागा जितकी मोठी, थर जितका जाड आणि वेळ जितका जास्त, तितकं ते जास्त उतरतं. वर प्लास्टिक लावलं की मुरणं आणखी वाढतं आणि नुकत्याच दाढी केलेल्या, खरवडलेल्या त्वचेतून तर विचारूच नका. रक्तातलं प्रमाण मर्यादेबाहेर गेलं की झटके येतात, हृदयाचे ठोके बिघडतात, श्वास अडतो. २००७ मध्ये एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, यावर जाहीर इशारा दिला, तो दोन मुली दगावल्यानंतर. एक २२ वर्षांची, दुसरी २५. दोघींनी लेझरला जाण्याआधी पायांना जास्त तीव्रतेचं असंच मलम चोपडून वर प्लास्टिक गुंडाळलं होतं.

अर्धं खरं आहे तेही सांगून टाकते. काही मलमं पट्टीखाली झाकूनच लावायची असतात. पण किती ग्रॅम, केवढ्या जागेवर आणि किती मिनिटं, हे तुमचं वजन आणि आजार विचारून डॉक्टर ठरवतात.

मी तिला लगेच फोन लावला. विचारलं, “ट्यूब केवढी आहे?”

“दोन आणल्यात ताई. एक पुरत नाही असं लिहिलंय त्यात.”

दोन! त्या दोन्ही ट्यूब तिने सकाळी डॉक्टरांपुढे नेऊन ठेवाव्यात आणि तोवर झाकणही उघडू नये, एवढं कबूल करून घेतल्यावरच मी फोन ठेवला.

आता दुसरा मुद्दा. ‘हॉर्मोन्सचा डोस बरोबर असेल तर दाढी आपोआप गळते. गळत नसेल तर डोस कमी पडतोय.’ हे वाचून गोळ्या दुप्पट करणाऱ्या मुली मला माहीत आहेत. वयात येताना टेस्टोस्टेरॉनने गालावरच्या लवेचे राठ केस केले. ते एकदा झाले की झाले. पुढे टेस्टोस्टेरॉन कितीही खाली आणलं तरी केस उगवायचा वेग मंदावतो, काही केस बारीक होतात, पण दाढीची लव पुन्हा होत नाही. एंडोक्राइन सोसायटी या हॉर्मोनतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये यावर एक तक्ता आहे: राठ केसांची वाढ ६ ते १२ महिन्यांत कमी होऊ लागते, पूर्ण परिणाम दिसायला ३ वर्षांहून जास्त लागतात. त्याखाली तळटीप आहे की हे केस पूर्ण काढायचे तर इलेक्ट्रोलिसिस किंवा लेझर किंवा दोन्ही लागतात. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने ही एक ओळ वाचली असती तरी सातपैकी तीन मुद्दे लिहायचे वाचले असते. आणि डोस वाढवून जे वाढतं ते म्हणजे रक्तात गुठळी होण्याचा धोका. दाढी आहे तिथेच राहते.

सातवा मुद्दा वाचून मात्र मी हसले. ‘लेझरच्या आधी थ्रेडिंग किंवा वॅक्सने चेहरा पूर्ण स्वच्छ करून जा, म्हणजे किरण थेट मुळापर्यंत पोचतील.’ अहो, कुठल्या मुळापर्यंत? लेझरचा प्रकाश पकडतो तो केसातला काळा रंग. केस तो प्रकाश पितो, तापतो आणि ती धग मुळाला जाळते. अँडरसन आणि पॅरिश या दोन संशोधकांनी हे तत्त्व १९८३ मध्ये मांडलं, आजही त्यावरच सगळी यंत्रं चालतात. तुम्ही केस मुळासकट उपटून गेलात तर आत तापायला उरलंच काय? रिकाम्या विहिरीत बादली सोडल्यासारखं ते. आधी करायची ती साधी दाढी, ब्लेडने. वरचा केस जातो, आतला राहतो आणि बाहेरचा केस पेटून कातडी भाजत नाही. (ब्लेडने केस राठ होतात ही समजूत १९२८ मध्येच तपासून खोटी ठरली आहे, पण ती काही मरत नाही.)

पहिला मुद्दा: ‘इलेक्ट्रोलिसिस जुनाट आणि फसवी. लेझरने सहा सिटिंगमध्ये दाढी कायमची साफ.’ जुनी आहे, मान्य. १८७५ मध्ये चार्ल्स मिशेल या नेत्रवैद्याने डोळ्यात टोचणाऱ्या पापण्यांसाठी ती वापरली. पण फसवी? एकेका केसाच्या बाजूने बारीक सुई आत सरकवायची, वीज सोडायची आणि मूळ निकामी झालं की केस चिमट्याने अलगद उचलायचा. केस काळा, पांढरा, तांबूस, कसलाही असो, सुईला काही फरक पडत नाही. उलट एफडीए लेझर यंत्रांना ‘कायमची घट’ एवढंच म्हणू देते. ‘कायमचं निर्मूलन’ म्हणायची मुभा इलेक्ट्रोलिसिसला आहे. लेझर वाढत्या अवस्थेतल्या केसावरच नीट चालतं आणि सगळे केस एकाच वेळी त्या अवस्थेत नसतात, म्हणून काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा जावं लागतं. सहा सिटिंगमध्ये कुणाची दाढी खूप विरळ होते, कुणाला दहा-बारा लागतात. ‘साफ’ हा शब्द विकणाऱ्याचा.

म्हणून लेझर वाईट असंही नाही. दाढी काळी, दाट असेल तर आधी लेझरनेच विरळ करून घ्यावी, थोड्या वेळात मोठं रान मोकळं होतं. उरलेले चुकार आणि पांढरे केस सुईने काढायचे. सगळी दाढी सुईने काढायची तर शंभर-दोनशे तास सहज जातात, वर्ष-दोन वर्षं. पण जिची दाढी पिकली आहे तिला लेझर सुचवणारा माणूस एकतर अडाणी आहे नाहीतर लबाड. पांढरा केस त्या यंत्राला दिसतच नाही.

तिसरा मुद्दा: ‘सावळ्या त्वचेवर लेझर चालतच नाही.’ चालतं. यंत्र कुठलं ते बघावं लागतं. रंग कातडीतही असतो, त्यामुळे ७५५ नॅनोमीटर तरंगलांबीचं अलेक्झांड्राइट लेझर सावळ्या चेहऱ्यावर केसाबरोबर कातडीही भाजू शकतं. १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग लेझर खोल जातं आणि कातडीतला रंग ते कमी पकडतो, म्हणून गडद त्वचेसाठी ते जास्त सुरक्षित. हे मी शिकले ते उलट्या बाजूने. एका ठिकाणी ‘सगळ्यांना हेच वापरतो’ म्हणत माझ्या जबड्यावर भलतंच यंत्र चालवलं. रात्री उशीला गाल टेकवता येईना. नंतर दोन तपकिरी डाग पडले, बोटाच्या पेराएवढे, ते विरायला आठ महिने गेले. आणखी एक गोष्ट फॉरवर्डमध्ये नाही, पण खरी आहे: गडद त्वचेवर, विशेषतः चेहऱ्यावर आणि मानेवर, लेझरने कधीकधी आजूबाजूची बारीक लव उलट राठ होते. तसं दिसलं तर ‘अजून दोन सिटिंग घ्या’ ऐकून मान डोलवू नका. थांबा आणि विचारा.

पाचवा, लेझरने कॅन्सर होतो. हा प्रकाश क्ष-किरणांसारखा नसतो आणि कॅन्सर होतो असा पुरावा नाही. तीळ मात्र झाकून घ्यावेत, कारण त्यांचा रंग बदलला तर पुढे खरा आजार ओळखणं अवघड जातं. सहावा, सुईने रोग पसरतात. वापरलेल्या सुईने पसरतातच! पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा, संपलं.

सकाळी निघताना तिने पुन्हा फोन केला. तिचा प्रश्न त्या सातांत कुठेच नव्हता. “ताई, लेझरला दाढी करून जायचं ते ठीक आहे. पण पुढे सुईला म्हणे दोन-तीन दिवस दाढी वाढवून जावं लागतं? तेवढे दिवस बाहेर कशी पडू?”

लागतं. केस चिमट्यात धरता येईल एवढा वर हवा. पहिल्या वेळी मी आरशावर टॉवेल टाकला होता. तिला म्हटलं, सुट्टीनंतरच्या सकाळची वेळ घे, मधले दिवस घरात काढ, जाताना मास्क लाव. आणि पूर्ण चेहरा एकदम वाढवायची गरज नसते. त्या दिवशी फक्त वरचा ओठ करायचा असेल तर तेवढाच वाढव, बाकी रोजच्यासारखी दाढी कर. सुई चालवणाऱ्या बाईला आधी सांगून ठेव, की आज एवढंच.

“एवढंच चालतं?”

“माझा वरचा ओठ असाच झाला. तीन-चार वेळा तर फक्त डावी बाजू.”