तळं काठावर सुरू होत नाही

काल पहिला जोराचा पाऊस झाला आणि आमच्या वाडीखालचा व्हाळ, म्हणजे ओढा, दुपारपर्यंत लालभडक वाहत होता. पाणी ओंजळीत घेतलं तर बोटांना चिऱ्याचा, म्हणजे खाणीतून कापून काढतात त्या जांभा दगडाचा, भुगा लागत होता. हा व्हाळ पुढे धामापूरच्या तलावाला मिळतो, आणि तिथूनच मालवण शहराच्या नळाला पाणी जातं.

धामापूरचं तळं १५३० सालचं. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी गावकऱ्यांना हाताशी धरून ते बांधलं. २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन रचनांच्या यादीत घेतलं. अभिमान वाटतोच. पण तळ्याचा विषय निघाला की आपलं बोलणं काठावरच घुटमळतं. पेव्हर ब्लॉक, दिवे, बाकडी, फोटो काढायची जागा. पाणी येतं कुठून, हे कोणी विचारत नाही.

येतं ते सड्यावरून, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या जांभ्याच्या सपाट पठारावरून. जांभा दगड भोकाभोकांचा असतो. पावसाळ्याचे चार महिने तो पाणी पिऊन घेतो. खाली चिकण मातीचा थर लागला की पाण्याला आणखी खोल जाता येत नाही, मग ते आडवं सरकत डोंगराच्या कुशीतून झरा होऊन बाहेर पडतं. आमच्याकडे वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तरी एप्रिल-मेमध्ये तळ्यात पाणी दिसतं ते या सावकाश झिरपण्यामुळे. सड्यावरचा चिरा काढून नेला की पाणी धरून ठेवणारा थरच निघून जातो. ‘खाणीच्या खड्ड्यात पाणी साचतं, म्हणजे मुरतंच की,’ असं मला बरेच जण ऐकवतात. अहो, जो दगड पाणी धरून ठेवत होता तोच ट्रकमधून गेला. उरला उघडा खड्डा आणि बाजूला भुग्याचा ढीग, जो पहिल्याच पावसात व्हाळात उतरतो.

दोष फक्त खाणवाल्यांचा नाही. घराच्या स्लॅबसाठी पैसे कमी पडले तेव्हा आम्ही घरामागच्या उतारावरचं रान ठेकेदाराला दिलं. ऐन, किंजळ, जांभूळ, सगळं गेलं. मग जेसीबीने उतार कापून काजू लावला आणि दरवर्षी तणनाशक मारायला लागलो. पूर्वी त्या व्हाळाच्या पाण्यावर खालच्या मळ्यात वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचं दुसरं भातपीक, व्हायचं. आता फेब्रुवारीत खडक उघडे पडतात. शेजारचे काका एकदाच बोलले, ‘झाडां तोडलास आणि व्हाळ आटलो,’ आणि गप्प झाले. ते खरंच होतं. कोकणातलं बहुतेक रान असंच खाजगी सातबाऱ्यावर आहे, त्यामुळे तळ्याचं भवितव्यही आपल्यासारख्यांच्या घरखर्चात अडकलंय. गरजेला रान विकणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. पण उताराचं रान सरसकट साफ करण्याऐवजी निवडून तोडता येतं, व्हाळाच्या दोन्ही बाजूंची झाडं राखता येतात, आणि तण कापूनही काढता येतं. हे आम्हाला तेव्हा कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

तळ्याकाठच्या भगवतीची गोष्ट आमच्याकडे लहान पोरांनाही माहीत असते. लग्नकार्याला फुलांची परडी पाण्यात सोडली की देवी दागिने द्यायची, कार्य झालं की ते परत करायचे. कोणीतरी परत केले नाहीत आणि देणं थांबलं. वाडीखालचा आटलेला व्हाळ बघितला की मला हीच गोष्ट आठवते.

२०१७ च्या पाणथळ नियमांत पूररेषेपासून ५० मीटरच्या आत कायम बांधकामाला मनाई आहे. लोक तेवढंच लक्षात ठेवतात. त्याच नियमांत पाणथळीच्या ‘प्रभावक्षेत्रा’चा, म्हणजे पाणलोटातल्या ज्या भागातल्या उलाढालींनी पाणथळ बिघडते त्याचाही विचार आहे. मला तो जास्त मोलाचा वाटतो. कारण काल वाहून आलेला भुगा त्या ५० मीटरच्या कितीतरी वरचा होता.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी हा विषय मांडणार आहे. तळ्याला मिळणारे सगळे व्हाळ गावनकाशावर निळ्या पेन्सिलीने रंगवायला घेतलेत. त्यांच्या वरच्या अंगाला नव्या खाणीला ग्रामपंचायतीने ना-हरकत देऊ नये, आणि आहेत त्या खाणींचा भुगा पावसाआधी बांध घालून अडवावा, एवढंच मागणार आहे. शहरात राहणाऱ्यांनीही यावं, पाणी तुम्हीही पिता. वरच्या वाड्यांतल्या मंडळींनी आपापल्या जमिनीतले झरे आणि व्हाळ सर्व्हे नंबरासह मला मेसेजमध्ये कळवा. आटलेले असतील तर तेही कळवा, कुठल्या साली आटले त्यासकट.