उस्मानाबादची तपासणी, खम्ममची लस आणि आपला आक्षेप

नमस्कार बाई,

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लेखात मी उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यातील अभ्यासाचा गौरव केला होता. त्यावर आपण लिहिले आहे की, तुलनेसाठी निवडलेल्या गावांतील बायकांना तपासणीविना ठेवले गेले, पुढे तेव्हाच्या आंध्रातील (आताच्या तेलंगणातील) खम्ममच्या आदिवासी मुलींना हा कर्करोग टाळण्यासाठीची लस संमतीवाचून टोचली गेली, आणि म्हणून तपासणी व लस हे दोन्ही गरिबांवरचे प्रयोगच आहेत. आपल्या पहिल्या दोन तक्रारींत तथ्य आहे; निष्कर्ष मात्र मला पटत नाही.

उस्मानाबादेत 30 ते 59 वर्षे वयाच्या 1,31,746 स्त्रियांचे चार गट केले होते. तीन गटांना अनुक्रमे एचपीव्ही (या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) शोधणारी चाचणी, पॅप चाचणी (गर्भाशयमुखाच्या पेशींची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी) आणि गर्भाशयमुखाला ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी केलेली पाहणी मिळाली. चौथा गट नेहमीच्या सोयींवर राहिला. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एचपीव्ही चाचणीच्या गटात या कर्करोगाने 34, तर आकाराने थोड्या लहानच असलेल्या चौथ्या गटात 64 स्त्रिया दगावल्या. मी ‘मृत्यू निम्म्यावर आले’ एवढेच लिहिले आणि त्या 64 जणींचा उल्लेख केला नाही, ही माझी चूक आहे. जिल्ह्यात तेव्हा कोणतीच नियमित तपासणी नव्हती, म्हणून कोणाचे काही हिरावले गेले नाही, हा बचाव मलाही अपुरा वाटतो, कारण पॅप चाचणी इतर देशांत त्यापूर्वीच अनेक दशके रुळलेली होती.

पण त्या अभ्यासातून कळले ते खोटे ठरत नाही. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू घटले. ॲसिटिक ॲसिडच्या एकाच पाहणीने ते लक्षणीय घटले नाहीत. मुंबईच्या वस्त्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने हीच स्वस्त पाहणी दर दोन वर्षांनी केली, तेव्हा मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे एका दिवसाचे शिबिर भरवून फोटो काढले की काम झाले, असे म्हणता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत 30 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी केवळ 1.9 टक्के जणींची या कर्करोगासाठी कधीतरी तपासणी झालेली आढळली. आपला राग या आकड्यावरही यावा, असे मला मनापासून वाटते.

आता खम्ममविषयी. आंध्रातील 9,543 संमतिपत्रांपैकी 2,763 पत्रांवर वसतिगृहांच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या, असे संसदीय समितीने 2013 साली नोंदवले. ज्यांना मुलींच्या वतीने संमती देण्याचा अधिकारच नव्हता, त्यांनी ती दिली. याचे समर्थन होऊ शकत नाही. लस घेतलेल्या काही मुलींचे पुढे मृत्यू झाले; त्यांचा लसीशी संबंध मात्र चौकशीत आढळला नाही. 2010 मध्ये हे लसीकरण थांबवले गेले, तेव्हा बार्शी आणि पुणे येथेही केंद्रे असलेला एक वेगळा लस-अभ्यास मध्येच अडला आणि सुमारे 5,000 मुलींना एकच मात्रा मिळून राहिली. त्यांच्याकडे पुढे दहा वर्षे लक्ष ठेवल्यावर दिसले की, एचपीव्हीच्या मुख्य दोन प्रकारांच्या चिवट संसर्गापासून एक मात्राही जवळजवळ दोन-तीन मात्रांइतकेच संरक्षण देते. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका मात्रेचा पर्याय मान्य केला, त्यामागे या मुलींचाही वाटा आहे.

आपण शिक्षिका आहात आणि मुलींच्या आयांना काय सांगावे, असे विचारता. लस आधी झालेला संसर्ग बरा करत नाही, त्यामुळे आईची तिशीनंतरची तपासणी चुकवता येत नाही. लस घेतलेल्या मुलीलाही पुढे तपासणी लागेलच, कारण लसीत विषाणूचे सर्व प्रकार येत नाहीत. संमतिपत्र मराठीत मागा, सही किंवा अंगठा घेण्यापूर्वी ते पालकांना वाचून दाखवा, आणि मुख्याध्यापकांना पालकांच्या जागी सही करू देऊ नका. तपासणीसाठी पथक आले, तर दोष आढळलेल्या बाईवर उपचार कुठे, कोणत्या दिवशी आणि कोणाच्या खर्चाने होतील, हे आधी लेखी घ्या.