अक्षरे मोजून वृत्त सापडत नाही

गेल्या आठवड्यात माझ्या भाचीने मला एक संदेश पाठवला आणि खाली विचारले, "मामा, हे बरोबर आहे ना? आमच्या वर्गात सगळे हेच पाठ करताहेत." ती साताऱ्यातच बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मराठी घेऊन शिकते. 'साहित्यशास्त्र अर्ध्या तासात' असा मथळा असलेला हा मजकूर त्याच दिवशी मला आणखी तीन ठिकाणांहून आला, आणि त्यांपैकी एक ठिकाण निवृत्त शिक्षकांचा गट होते, हे सांगताना खेद होतो.

मजकुराचा सारांश असा. ओळीतील अक्षरे मोजली की वृत्त कळते: बारा म्हणजे भुजंगप्रयात, पंधरा म्हणजे मालिनी, सतरा म्हणजे मंदाक्रांता. 'सारखा', 'परी' हे शब्द दिसले की उपमा आणि 'जणू', 'वाटे' दिसले की उत्प्रेक्षा. ओवी आणि अभंग एकच. भरतमुनींनी नऊ रस सांगितले. मुक्तछंद म्हणजे छंद नसलेली कविता. सुनीत इंग्रजांनी शोधून काढले.

पहिले सूत्र सर्वांत घातक आहे, कारण ते काही वेळा बरोबर उत्तर देते आणि त्यामुळे विद्यार्थ्याचा त्याच्यावर विश्वास बसतो. भुजंगप्रयाताच्या चरणात बारा अक्षरे असतात, हे खरेच आहे. परंतु द्रुतविलंबित, वंशस्थ, तोटक आणि स्रग्विणी यांच्याही चरणात बाराच असतात. प्रत्येक जागी लघु (हलके, ऱ्हस्व अक्षर) किंवा गुरू (जड अक्षर: दीर्घ किंवा पुढे जोडाक्षर आलेले) असे दोनच पर्याय धरले, तरी बारा अक्षरांच्या ४,०९६ मांडण्या होतात आणि सतरा अक्षरांच्या १,३१,०७२. प्राचीन छंदशास्त्रकार पिंगलाच्या परंपरेत हा हिशेब प्रस्तार म्हणून फार पूर्वीपासून मांडलेला आहे. कवींनी त्यांतल्या मोजक्याच वापरल्या हे खरे, पण ज्या वापरल्या त्या वेगळ्या ओळखू याव्यात म्हणूनच तर त्यांना वेगळी नावे मिळाली.

भाचीने सरावाच्या वहीत महिम्नाची, म्हणजे शिवमहिम्न स्तोत्राची, पहिली ओळ घेतली होती, बोटांवर सतरा अक्षरे मोजली होती आणि पुढे 'मंदाक्रांता' असे लिहून टाकले होते. ज्या घरात तिचे आजोबा दर सोमवारी महिम्न म्हणत, त्या घरातल्या मुलीने हे लिहावे याचा मला राग आला, आणि तो तिच्यावर नव्हता. मी तिला फोनवर 'महिम्नः पारं ते' आणि मेघदूतातले 'कश्चित्कान्ता' एकामागून एक मोठ्याने म्हणायला सांगितले. दुसऱ्या ओळीच्या आरंभी चार गुरू सलग येतात, पहिलीच्या आरंभी एक लघु येतो आणि मग पाच गुरू. तिने दोन्ही एकेकदाच म्हटल्या आणि ती स्वतःच थांबली. पहिली शिखरिणी, दुसरी मंदाक्रांता. दोन्हींत अक्षरे सतराच.

यावर कोणी म्हणेल की अक्षरांबरोबर लघु-गुरूही डोळ्यांनी पाहता येतातच. तेही नेहमी खरे नाही. समर्थ रामदासांच्या करुणाष्टकांतली 'अनुदिनी अनुतापे तापलो रामराया' ही ओळ आज बहुतेक ठिकाणी अशीच दीर्घ 'नी' घेऊन छापली जाते, पण मालिनी वृत्ताला आरंभी सहा लघु लागतात, म्हणून म्हणताना तिथे 'अनुदिनि' असाच ऱ्हस्व उच्चार होतो. सज्जनगडावर ही ओळ ऐकणाऱ्या कोणालाही हे वेगळे शिकवावे लागत नाही. छापील पान पाहून गण (लघु-गुरूंचे तीन-तीन अक्षरांचे गट) पाडणारा मात्र पहिल्याच चार अक्षरांत अडखळेल.

आणि मात्रावृत्तांचे काय करायचे, याविषयी तर मजकुरात अवाक्षर नाही. माधवराव पटवर्धनांनी 'छंदोरचने'त मराठी पद्याचे छंद, वृत्त आणि जाति असे तीन वर्ग केले आहेत. छंदात अक्षरांची संख्या पाहायची, वृत्तात लघु-गुरूंचा ठरलेला क्रम आणि जातीत मात्रा. एकच मोजपट्टी तिन्हींना लावता येत नाही. याचा पुरावा हवा असेल, तर आपल्या सर्वांना पाठ असलेली ही जुनी आर्या पुरेशी आहे:

सुश्लोक वामनाचा, अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची,
ओवी ज्ञानेशाची किंवा आर्या मयूरपंताची.

'सुश्लोक वामनाचा' यात अक्षरे सात आहेत आणि 'ओवी ज्ञानेशाची' यात सहा, पण लघूची एक आणि गुरूच्या दोन याप्रमाणे मात्रा मोजल्या तर दोन्हीकडे बाराच भरतात. उरलेल्या दोन चरणांत अठरा-अठरा. (काटेकोर बोलायचे तर १२-१८-१२-१८ ही गीती होय, पण मोरोपंतांमुळे मराठीत तिलाच आर्या म्हणण्याचा प्रघात पडला आहे.)

ओवी-अभंगाच्या सूत्राला उत्तरही याच आर्येत आहे. ज्याने ती रचली त्याला अभंग तुकोबांचा आणि ओवी ज्ञानेश्वरांची, असे वेगळे सांगावेसे वाटले, ते काही उगाच नव्हे. अभंगाची घडण ओवीतूनच झाली असे मानणारे अभ्यासक आहेत, आणि एवढ्यापुरते मजकुराचे म्हणणे मी नाइलाजाने मान्य करतो. पण एकातून दुसरे निघाले म्हणून दोन्ही एक होत नाहीत. 'सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया' यात सहा, सहा, सहा, चार असा मोठ्या अभंगाचा हिशेब चोख आहे. ज्ञानेश्वरीतल्या ओवीचे चरण अक्षरसंख्येत मोकळे असतात. पहिल्या तीन चरणांना यमक असते आणि चौथा आखूड राहतो. गंमत म्हणजे अक्षरे मोजण्याची युक्ती जिथे खरोखर कामाला येते ते ठिकाण अभंग, आणि नेमके तिथे मजकूर मोजायला सांगत नाही.

अलंकारांच्या सूत्रात अर्धसत्य आहे. साधर्म्यवाचक शब्द हे उपमेच्या चार अंगांपैकी एक आहेच, आणि शाळेत त्याचा आधार घेण्यात गैर काही नाही. पण उपमेय, उपमान आणि साधारण धर्म ही उरलेली तीन अंगे न शोधता केवळ शब्द पकडला, तर महाबळेश्वरात 'पाऊस सारखा पडतोय' यातही उपमा निघेल. 'मला वाटते, एसटी चुकली' ही उत्प्रेक्षा ठरेल. समर्थांच्या नावावर घरोघर म्हटली जाणारी 'मरावे परी कीर्तिरूपे उरावे' ही ओळ या सूत्राने उपमेत जमा होते, वास्तविक तिथला 'परी' म्हणजे 'पण'. शिवाय वाचक शब्द गाळलेली उपमाही असते आणि शास्त्राने तिला लुप्तोपमा असे नाव दिले आहे. ती या युक्तीच्या हाती कधीच लागणार नाही. उपमेत एक वस्तू दुसरीसारखी आहे असे म्हटलेले असते, उत्प्रेक्षेत ती जणू दुसरीच आहे अशी कल्पना केलेली असते. हा भेद वाक्याच्या अर्थात आहे.

उरलेली सूत्रे थोडक्यात आटोपतो. भरतमुनींच्या नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस आठच मोजले आहेत: शृंगार, हास्य, करुण, रौद्र, वीर, भयानक, बीभत्स आणि अद्भुत. काही पाठांत शांतरसाचा भाग आढळतो, हे खरे. पण नववा रस म्हणून तो प्रतिष्ठित झाला तो पुढच्या आचार्यांच्या, विशेषतः अभिनवगुप्ताच्या, विवेचनामुळे. मुक्तछंद नियमित अक्षरसंख्येतून आणि गणांतून मोकळा असतो, लयीतून नव्हे. कवी अनिलांची कोणतीही मुक्तछंदातली कविता मोठ्याने वाचावी. सुनीताचा चौदा ओळींचा बंध मूळचा इटलीतला. तो इंग्रजीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि केशवसुतांनी १८९२ साली 'मयूरासन आणि ताजमहाल' लिहून तो मराठीत रुजवला.

हे सगळे मी मजकूर पाठवणाऱ्या चारही ठिकाणी उलट पाठवले आहे. भाचीने वहीतले 'मंदाक्रांता' खोडून 'शिखरिणी' लिहिल्याचा फोटो पाठवला. निवृत्त शिक्षकांच्या गटावर त्यानंतर दोन वाढदिवस साजरे झाले आणि तो मजकूर पुन्हा एकदा आला.